बोल्टवर फोडलेले खापर

‘थ्री नॉट थ्री ऐन वेळी अडते’ हे वाक्य महाराष्ट्रात २६ नोव्हेंबर २००८ नंतर इतके रुळले, की त्याला आता कोणी पुरावाही मागत नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन शिरलेल्या दोघांसमोर पोलिसांच्या हातात काठ्या आणि जुन्या बोल्टच्या रायफली होत्या. त्या रात्री स्थानकात ५० हून अधिक माणसे मारली गेली. नंतरच्या चर्चेत एक निदान सगळ्यांच्याच सोयीचे ठरले: रायफल शंभर वर्षांपूर्वीची, तिचा बोल्ट म्हातारा, तो अडला आणि घात झाला. तेव्हापासून कुठल्याही बंदोबस्तात किंवा मानवंदनेत रायफल वाजली नाही, की तेच निदान पुन्हा छापून येते.

हे निदान चुकीचे आहे. थ्री नॉट थ्री पोलिसांच्या हातून केव्हाच जायला हवी होती, याबद्दल वाद नाही. दर गोळीमागे मूठ उचलून, मागे ओढून, पुढे ढकलून पुन्हा पाडावी लागणारी दहा गोळ्यांची रायफल तीस गोळ्यांच्या स्वयंचलित बंदुकीपुढे कमीच पडणार. पण शस्त्र कमी पडणे वेगळे आणि शस्त्र बिघडणे वेगळे. पहिल्याला शासनाचे धोरण जबाबदार असते. दुसऱ्याचे कारण धातूत, काडतुसात, गंजात किंवा हातात असते आणि ते शोधून काढता येते. ‘बोल्ट जुना’ असे म्हटले की हा शोध सुरू होण्याआधीच बंद होतो.

या बोल्टचा कर्ता जेम्स पॅरिस ली. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि पुढे अमेरिकेत काम केलेला. त्याची रचना ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफलीत स्वीकारली. १८९५ मध्ये ली-एनफिल्ड आली आणि १९०७ मध्ये तिचा आखूड मार्क ३ नमुना. आपल्याकडे पोलीस चौकीपासून एनसीसीच्या छावणीपर्यंत जी थ्री नॉट थ्री ओळखीची झाली, ती हीच; बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षे बनत होती. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरने याच बोल्टची ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसाची रायफल अधिक मजबूत पोलादात घडवली. ब्रिटिश सैन्याने १९७० मध्ये एल४२ए१ ही स्नायपर रायफल घेतली आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात वापरली, तिचाही बोल्ट लीच्याच रचनेचा. एकाच गोळीवर ज्याचे काम अवलंबून असते अशा नेमबाजाच्या हाती सैन्य अडणारी यंत्रणा देत नाही.

कॅनडाचा दाखला तर याहून बोलका आहे. १९४७ मध्ये उभ्या राहिलेल्या कॅनेडियन रेंजर्सनी आर्क्टिकच्या बर्फात, उणे ४० अंशांच्या थंडीत, सात दशके ली-एनफिल्डचा क्रमांक ४ हा नमुना वापरला. वाटेत ध्रुवीय अस्वल आडवे आले तर माणसाचा जीव याच रायफलीवर असे. २०१८ पासून तिच्या जागी नवी सी१९ रायफल देण्यात आली, कारण जुन्या रायफलीचे सुटे भाग मिळेनासे झाले. बोल्ट अडतो ही तक्रार त्यामागे नव्हती. आणि नवी रायफलसुद्धा बोल्टचीच आहे.

आता रचनेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की माउझर रायफलीत बोल्टला कुलूप घालणारे लग पुढच्या टोकाला असतात आणि लीच्या बोल्टला ते मागे असतात, म्हणून हा बोल्ट कमकुवत. मागच्या लगांमुळे गोळी सुटताना बोल्ट किंचित दाबला जातो, हे खरे. त्याचा परिणाम पुंगळी थोडी ताणली जाण्यात दिसतो; तीच पुंगळी पुन्हा भरून वापरणाऱ्या छंदिष्टाला तो भोवतो. पोलीस शिपाई पुंगळ्या भरत बसत नाही. उलट लग मागे असल्यामुळेच बोल्टची चाल आखूड राहते, मूठ फक्त ६० अंश उचलावी लागते आणि पुढे लगांसाठी खोबणी नसल्याने माती साचायला तिथे जागा उरत नाही. दुसरा आक्षेप बोल्ट पुढे ढकलताना हाताला लागणाऱ्या जोराचा. या रायफलीत स्प्रिंग बोल्ट उघडताना दाबली जात नाही, बंद करताना दाबली जाते. ज्याने कधी सराव केलेला नाही, त्याला त्या शेवटच्या जोराला ‘काहीतरी अडले’ असे वाटते आणि तो हात मागे घेतो. हा रचनेचा ठरवून ठेवलेला भाग आहे: गोळी झाडल्यावर तापलेली पुंगळी सोडवण्यासाठी हाताची सगळी ताकद मोकळी राहावी, म्हणून स्प्रिंगचे ओझे परतीच्या चालीवर टाकलेले आहे.

तरीही रायफल अडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न कुठे अडते हा आहे, आणि बहुतेक वेळा उत्तर बोल्टच्या खाली, मॅगझीनमध्ये सापडते.

थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. मॅगझीनमध्ये काडतुसे एकावर एक बसतात, तेव्हा वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे असावी लागते. ती मागे राहिली, तर बोल्ट वरचे काडतूस पुढे ढकलू लागताच त्याची कड खालच्या कडेत अडकते, दोन्ही काडतुसे एकमेकांना खेचतात आणि बोल्ट मध्येच थांबतो. हाताला ते बोल्ट अडल्यासारखेच वाटते. शिपाई मग मुठीवर तळहाताने ठोसे मारतो आणि कडा आणखी घट्ट रुततात. बोल्ट मागे घेऊन, नळी सुरक्षित दिशेला धरून, मॅगझीन काढून काडतुसे पुन्हा नीट लावणे हा यावरचा एकमेव इलाज. मुळात ही वेळ यायलाच नको होती. या रायफलीत काडतुसे पाच-पाचच्या चार्जरने वरून भरायची असतात आणि चार्जरमध्ये कडा आलटून-पालटून वरखाली बसवलेल्या असतात. चार्जर संपले, हरवले किंवा कधी दिलेच गेले नाहीत, की सुट्या गोळ्या घाईघाईने बोटांनी कोंबल्या जातात. त्यातच मॅगझीनचे वरचे ओठ कुठेतरी आपटून वाकलेले असले, तर काडतूस चुकीच्या कोनात वर येते आणि त्याचे टोक चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या, तोंडावर आदळते. म्हणून आर्मोररच्या, म्हणजे शस्त्रांची निगा राखणाऱ्याच्या, कामात ओठ तपासून पकडीने जागेवर आणणे हे अगदी प्राथमिक काम समजले जाई. मॅगझीन त्या-त्या रायफलीला बसवलेले असे, ते एकमेकांत बदलायचे नसे. ज्या ठिकाणी सगळी मॅगझिने एका पेटीत टाकलेली असतात, तिथे अडणाऱ्या रायफलींचा दोष बोल्टला कसा देता येईल?

दुसरा मोठा गुन्हेगार खुद्द काडतूस. २१ ऑगस्ट २०१९ रोजी बिहारमधल्या सुपौल जिल्ह्यात माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत मानवंदना द्यायला उभ्या असलेल्या २२ रायफलींपैकी एकही वाजली नाही. देशभर हसे झाले आणि पोलिसांच्या जुनाट रायफलींवर टीका झाली. थोडा विचार केला तर दिसते, की २२ वेगवेगळ्या बोल्टच्या २२ वेगवेगळ्या स्प्रिंगा आणि २२ फायरिंग पिना एकाच दिवशी, एकाच मिनिटाला निकामी होऊ शकत नाहीत. एकाच वेळी सगळ्या गप्प बसल्या, तर त्या सगळ्यांत सामाईक काय होते ते आधी पाहायला हवे. त्यांच्या पोटात गेलेली काडतुसे सामाईक होती.

यात फरक करायला प्रयोगशाळा लागत नाही. न वाजलेले काडतूस हातात घेऊन त्याच्या बुडाकडे उजेडात पाहिले की पुरे. प्रायमरच्या टोपीवर मधोमध, गोल आणि खोल खळगा उमटलेला असेल, तर फायरिंग पिनेने आपले काम चोख केले आहे; प्रायमर मेलेला आहे किंवा आतली दारू ओलावली आहे. खळगा उथळ असेल, तर दोष रायफलीत असू शकतो. तिथेही आधी साध्या गोष्टी पाहायच्या असतात. बोल्टच्या पोकळीत वर्षानुवर्षांचे ग्रीस सुकून चिकट झाले आहे का, ज्यात स्प्रिंग धावताना मंदावते? बोल्टचे पुढचे डोके, म्हणजे बोल्ट हेड, आट्यांवर पूर्ण बसले आहे का? मार्क ३ मध्ये फायरिंग पिनेचे मागचे टोक कॉकिंग पीसच्या पृष्ठभागाशी सपाट बसले आहे का, की कोणी साफसफाईनंतर ती एक फेरा कमी फिरवली? या तिन्ही तपासण्यांना फारसा वेळ लागत नाही. खळगा मधोमध नसून एका बाजूला सरकलेला असेल, तर बोल्ट हेड बदलाबदलीत आलेले असण्याची शंका घ्यावी.

जुन्या साठ्यातल्या काडतुसांचा आणखी एक दोष भयंकर आहे. चाप ओढल्यावर नुसता टक् आवाज येतो आणि क्षणभराने गोळी सुटते. हा हँगफायर. उपखंडात बनलेल्या जुन्या थ्री नॉट थ्री काडतुसांचे काही साठे यासाठी जगभरच्या संग्राहकांत कुप्रसिद्ध आहेत. गोळी वाजली नाही म्हणून घाईत बोल्ट उघडणाऱ्याच्या तोंडासमोर पुंगळी फुटू शकते. म्हणून नळी निशाणाच्या दिशेलाच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचे आणि मगच बोल्ट उघडायचा, हा नियम नेमबाजीच्या मैदानावर सक्तीचा असतो. ‘बोल्ट जुना, लगेच खोलून बघ’ अशी सवय लावणे म्हणजे शिपायाच्या डोळ्यांशी खेळणे आहे.

तिसरे कारण शोधायला शस्त्रागाराच्या टेबलाजवळ जायला हवे. सुरक्षेसाठी रायफलींचे बोल्ट काढून वेगळे ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. लाकडी खणांत बोल्ट ओळीने ठेवलेले, प्रत्येकाच्या मुठीच्या मुळाशी ठोकलेला क्रमांक, आणि तोच क्रमांक रायफलीच्या अंगावर. हा क्रमांक हजेरीसाठी नाही. कारखान्यात बोल्ट त्या एका रायफलीला घासून बसवलेला असतो, डावा लग आणि उजवी लांब कड दोन्ही एकसारखा भार घेतील अशा बेताने. क्रमांक न पाहता बोल्ट हाताला लागेल त्या रायफलीत सरकवला, तर तो बसतो, बंदही होतो, आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही. कदाचित त्याचा एकच लग भार घेत असतो. कदाचित बोल्ट हेड आणि चेंबर यांच्यामधली जागा, म्हणजे हेडस्पेस, प्रमाणाबाहेर गेलेली असते.

ही जागा मोजायला दोन पोलादी चकत्या लागतात: ०.०६४ इंचांची, जिच्यावर बोल्ट बंद व्हायला हवा, आणि ०.०७४ इंचांची, जिच्यावर तो बंद होता कामा नये. एनफिल्डच्या अभियंत्यांनी क्रमांक ४ साठी बोल्ट हेडच ० ते ३ अशा चार लांब्यांत बनवली, कारण वापराने ही जागा वाढते हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी दुरुस्तीची सोयही करून ठेवली होती: बोल्ट फेकू नका, पुढचे डोके बदला आणि पुन्हा मोजा. जागा वाढलेली असताना गोळी झाडली, तर पुंगळी ताणली जाऊन बुडाच्या थोडे वर तुटते. मागचा तुकडा बाहेर पडतो, पुढची नळकांडी चेंबरमध्ये चिकटून राहते आणि पुढचे काडतूस अर्ध्यावर अडते. रायफल हातात घेणाऱ्याला दिसते ते एवढेच, की बोल्ट बंद होत नाही. यात बोल्टचा काय दोष? आत अडकलेला पितळी तुकडा काढायला वेगळे हत्यार लागते आणि ते जुन्या सैनिकी संचात असायचे. आज किती शस्त्रागारांत ते आहे, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

तेलाबद्दलही एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. बोल्ट जड चालला की लगेच तेलाची बाटली काढायची. लगांवर आणि बोल्टच्या अंगावर तेलाचा पातळ हात हवाच. चेंबरमध्ये मात्र तेल साचले, तर ते घातक. गोळी सुटते तेव्हा पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना घट्ट धरते आणि दाबाचा मोठा वाटा स्वतः पेलते. भिंत तेलकट असेल तर पुंगळी मागे घसरते आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. ब्रिटिश कारखान्यांत रायफलींची कसोटी घेताना मुद्दाम तेल लावलेले काडतूस झाडत, ते याच कारणासाठी. तेलकट चेंबर म्हणजे रायफलीवरचा वाढीव ताण, हे त्यांना माहीत होते. चेंबर कोरडे आणि स्वच्छ हवे.

आणि जुन्या काडतुसांच्या बाबतीत ‘स्वच्छ’ म्हणजे पाण्याने धुतलेले. त्यांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचे. जळल्यावर ते मिठासारखा क्षार मागे ठेवते. हा क्षार तेलात विरघळत नाही आणि हवेतला ओलावा ओढून घेतो. म्हणून ब्रिटिश सैनिकाला नळीतून उकळते पाणी ओतायला शिकवले जाई, मग पुल-थ्रूच्या दोरीला चिंधी लावून नळी कोरडी करायची आणि शेवटी तेलाचा हात फिरवायचा. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात दोन फैरी झाडून नुसते तेल पुसून ठेवलेल्या रायफलीच्या चेंबरला काही दिवसांत गंजाचे खड्डे पडू लागतात. पुढच्या वेळी फुगलेली पुंगळी त्या खड्ड्यांत धरून राहते, मूठ उचलत नाही आणि पुंगळी ओढणारा एक्स्ट्रॅक्टर कड कुरतडून निसटतो. त्या कुरतडलेल्या कडेकडे पाहिले तर कळते, की एक्स्ट्रॅक्टरने जीव तोडून ओढले होते.

बोल्टमध्ये खरे दोष नसतात, असा या लेखाचा दावा नाही. क्रमांक ४ च्या मार्क १ स्टार या नमुन्यात, जो कॅनडातल्या लाँग ब्रँचने आणि अमेरिकेतल्या सॅव्हेजने युद्धकाळात बनवला, बोल्ट काढण्यासाठी तो ज्यावर सरकतो त्या पट्टीत एक खाच कापलेली होती. त्या खाचेची धार वापराने झिजून टवका उडाला, की बोल्ट हेड जोरात मागे ओढताना पट्टीतून बाहेर उडी मारते. हा रचनेतला खरा दोष आहे आणि त्याला दोष म्हणायला कोणीही कचरू नये. एक्स्ट्रॅक्टरची चिमुकली स्प्रिंग थकते, बोल्ट हेडचे आटे झिजतात, फायरिंग पिनेचे टोक चिरफाळते. पण या प्रत्येक दोषाची खूण वेगळी असते, तो शोधून काढता येतो आणि बहुतेक वेळा एक छोटा भाग बदलून दूर होतो. ‘बोल्ट म्हातारा’ या दोन शब्दांत यातले काहीच सापडत नाही.

बोल्ट खरोखर गुन्हेगार ठरला, असा इतिहासातला सर्वात गाजलेला खटला कॅनडाच्या रॉस रायफलीचा. सर चार्ल्स रॉस यांची ही रायफल मूठ न फिरवता सरळ मागे ओढून चालवायची, नेमबाजीच्या स्पर्धांत ती सरस होती आणि संरक्षणमंत्री सॅम ह्यूज तिच्या पाठीशी ठाम उभे होते. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत ती अडू लागली. सैनिक बोल्ट बुटांच्या लाथांनी उघडत होते. वाचलेल्यांपैकी १,४०० हून अधिक जणांनी रॉस फेकून मेलेल्या ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. १९१६ मध्ये रॉस आघाडीवरून मागे घेतली गेली. पण तिथेही निदान एका वाक्यात झाले नव्हते. रॉसचे चेंबर अगदी नेमक्या मापाचे होते, घाईत बनवलेली ब्रिटिश काडतुसे जराशी मोठी निघत होती, ती अडकली की बोल्ट जोरात ओढला जाई, आणि मागचा अडथळा बोल्टच्या आट्यांवर आदळून त्यांची कड चेपत असे. चेपलेल्या आट्यांमुळे बोल्ट पुढच्या वेळी आणखी अडे. काडतूस, चेंबर आणि बोल्ट असे तिघेही त्यात सामील होते, आणि हे शोधल्यावरच चेंबर रुंद केले गेले. त्याच मातीत, तीच काडतुसे घेऊन, ली-एनफिल्ड चालत होती, कारण तिच्या चेंबरमध्ये पहिल्यापासूनच ढिलाईला जागा ठेवलेली होती.

ज्यांना वाटते की नवी रायफल आली की हा प्रश्नच मिटेल, त्यांनी व्हिएतनाममधल्या एम१६ चा इतिहास जरूर वाचावा. त्या काळातली सर्वात आधुनिक अमेरिकन रायफल १९६६-६७ मध्ये सैनिकांच्या हातात अडत होती आणि माणसे मरत होती. अमेरिकन संसदेच्या रिचर्ड इकॉर्ड यांच्या उपसमितीने १९६७ मध्ये चौकशी केली, तेव्हा काडतुसातली दारू मध्येच बदलल्याचे आणि रायफल साफ करण्याचे साहित्य पुरेसे न दिल्याचे उघड झाले. चेंबरला क्रोमचा थरही नव्हता. आपल्याकडच्या इन्सास रायफलीबद्दलही कारगिलच्या काळात अडण्याच्या आणि मॅगझीन तडकण्याच्या तक्रारी आल्या. बोल्ट जुना असण्याचा या दोन्हीशी काही संबंध नव्हता.

मग २६ नोव्हेंबरच्या रात्रीचे काय? त्या रात्री पोलिसांनी गोळ्या झाडल्याच नाहीत, असे नाही. साध्या वेशातले शिपाई अंबादास पवार यांनी स्थानकात सहकाऱ्याची रायफल घेऊन हल्लेखोरांवर गोळी झाडली आणि ते मारले गेले. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळाले. शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने २००९ मध्ये दिलेल्या अहवालात दारूगोळ्याची टंचाई आणि गोळीबाराच्या सरावाचा अभाव यांवर बोट ठेवले. हे वाचल्यानंतरही ‘बोल्ट अडला’ हेच लोकांच्या तोंडी राहिले, याचे दुःख वाटते. कारण रायफलीवर खापर फोडले की सराव न देणारा सुटतो, जुनी काडतुसे वापरायला लावणारा सुटतो, आणि ज्याने रायफल चालवून दाखवली त्याच्या धैर्याचीही किंमत कमी होते.

सरावाचा मुद्दा भावनेचा नाही, यंत्रणेचाच आहे. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश सैनिकाला याच रायफलीतून ३०० यार्डांवर मिनिटाला १५ नेम धरलेल्या गोळ्या झाडाव्या लागत. मूठ अंगठा आणि तर्जनीत धरायची, चाप मधल्या बोटाने ओढायचा, बोल्ट पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे न्यायचा. अर्धवट मागे ओढलेला बोल्ट रिकामी पुंगळी बाहेर टाकत नाही आणि पुढचे काडतूसही नीट उचलत नाही. घाबरलेल्या, सराव नसलेल्या हाताकडून नेमके हेच घडते. १९१५ मध्ये मेसोपोटेमियाच्या धुळीत पूना डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ व्या मराठा पलटणी ली-एनफिल्डच घेऊन लढत होत्या. धूळ बोल्टमध्ये जाऊ नये म्हणून रायफलींना कॅनव्हासची झाकणे घालण्याची पद्धत त्या काळात होती. पर्याय नसलेल्यांना निगा राखावीच लागते.

चुकीच्या निदानाचा सर्वात वाईट परिणाम दुरुस्तीत दिसतो. बोल्ट जड चालतो म्हणून लगांवर पॉलिश पेपर किंवा कानस फिरवणे, हा उपाय गावोगावच्या ‘जाणकारां’कडून सांगितला जातो. लगांचा कठीण केलेला थर पातळ असतो. तो घासला गेला, की हेडस्पेस वाढते, दोन लगांवरचा भार विषम होतो आणि आजवर केवळ मळलेली असलेली रायफल आता खरोखर धोकादायक होते. मळ निघतो, घासलेले पोलाद परत येत नाही.

हा विषय पोलिसांपुरता नाही. थ्री नॉट थ्री सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही, पण सरकारी कारखान्यांची .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल लीच्याच बोल्टवर बेतलेली आहे आणि परवानाधारक शेतकऱ्यांच्या घरांत ती आहे. निवडणूक जाहीर झाली की या रायफली पोलीस ठाण्यात जमा होतात, आठवडेच्या आठवडे दमट खोलीत उभ्या राहतात आणि परत मिळतात तेव्हा चेंबरमध्ये चिंधी फिरवून कोणी पाहत नाही. मग बांधावर पहिली गोळी अडली की मालक बोल्टला नावे ठेवतो आणि गावच्या लोहाराकडे जातो. परत घेताना त्याने ठाण्यातच बोल्टवरचा क्रमांक रायफलीशी जुळवून घेतला, घरी आल्यावर चेंबर उजेडात तपासले आणि जुनी काडतुसे बाजूला काढली, तर लोहाराकडे जाण्याची वेळ येणार नाही.

पोलीस दलांनी तर याहून पुढे जायला हवे. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी थ्री नॉट थ्रीला समारंभपूर्वक निरोप दिला, ते योग्यच झाले. पण तिच्या जागी येणारी रायफलही त्याच शस्त्रागारात उभी राहणार आणि त्याच आर्मोररच्या हाताखाली येणार आहे. म्हणून कुठलीही रायफल न वाजल्याची नोंद करताना तिच्या क्रमांकाबरोबर काडतुसाच्या बुडावरचा कारखान्याचा शिक्का आणि वर्ष, प्रायमरवरच्या खळग्याचे वर्णन, मॅगझीनचा क्रमांक, शेवटची साफसफाई कोणी आणि कशाने केली, आणि त्या शिपायाने शेवटचा गोळीबार सराव केव्हा केला, हे रकाने भरणे सक्तीचे करावे. न वाजलेले काडतूस फेकून न देता त्या नोंदीसोबत जपून ठेवावे. हे सगळे भरल्यावरही बोल्टच दोषी ठरला, तर त्यातला कोणता भाग, हेही त्याच कागदावर लिहावे.